दंपतीचा प्रवास आणि आमचें वाङ्मय

लग्नकार्य उरकलें, मांडव निघाला, पाहुणे पांगले, कीं वधूवरांनीं चार दिवस कोठें तरी बाहेर जाऊन यावें, ही रीत आतां मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीं. अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नांदगांव खंडेश्वरासारख्या तालुक्याच्या गांवींही ती रुळली आहे. ज्याची ऐपत बेताची तो चिखलदऱ्यास जातो. ज्याची बरी तो महाबळेश्वर, गोवा किंवा मनाली गांठतो. आणि ज्या वडील माणसांना स्वतःच्या लग्नानंतर दोन घटकांचा एकांत लाभला नव्हता, तींच आज मुलासुनेला तिकिटें काढून देतात. समाजांत एवढी मोठी घडामोड झाली असतां वाङ्मयानें तिची दखल कितपत घेतली, हा प्रश्न टीकाकारानें विचारण्याजोगा आहे. आम्ही तो आज विचारणार आहों.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करून ठेवितों. नवविवाहितांनीं फिरावयास जावें कीं जाऊं नये, त्यांत परक्यांचें अनुकरण किती आणि पैशाचा अपव्यय किती, हा आमचा विषय नव्हे. तो वाद घरोघरीं होऊन गेला आणि त्याचा निकाल तरुणांच्या बाजूनें लागला. आमचा विषय वाङ्मयाचा आहे. दोन माणसें घराचा उंबरठा ओलांडून, सासूसासरे, दीरनणंदा, शेजारपाजार या सर्वांच्या दृष्टीआड होऊन, डोंगरांत अथवा अरण्यांत केवळ एकमेकांच्या सोबतीला उरतात, तेव्हां त्यांच्या अंतःकरणांत कांहीं तरी घडतें. घरांत जें वर्षानुवर्षें बोललें गेलें नसतें तें एखाद्या घाटाच्या वळणावर सहज बोललें जातें. आणि हट्ट, भित्रेपणा, चिकूपणा किंवा उदारपणा, जें जें म्हणून घरांत झांकून राहिलेलें असतें, तें पहिल्याच गैरसोयीबरोबर उघडें पडतें. मनुष्यस्वभावाचें दर्शन घडविणें हें वाङ्मयाचें काम असेल, तर याहून सुपीक भूमि दुसरी कोणती? असें असतां मराठींत ही भूमि बहुतांशीं पडीक राहिली आहे, असें आमचें मत आहे. ती पडीक कां राहिली, आणि जेथें कोठें ती नांगरली गेली तेथें पीक कसें आलें, हें पाहाण्याचा पुढें प्रयत्न केला आहे.

या प्रवासाला आमच्या भाषेनें दिलेलें 'मधुचंद्र' हें नांवच पाहा. इंग्रजी शब्दाचे दोन तुकडे करून त्यांचें जसेंच्या तसें भाषांतर करून तो शब्द सिद्ध झाला आहे. त्यांत मध आहे, चंद्र आहे. प्रवास मात्र नाहीं. शब्द चांगला रुळला, इ. स. १९६७ मध्यें राजदत्त यांच्या चित्रपटाला तेंच नांव मिळालें. शब्द गोड आहे यांत शंका नाहीं. परंतु गोडव्यापलीकडे तो कांहीं सांगत नाहीं, आणि त्याच्या मागोमाग आलेलें बरेंचसें ललितलेखनही गोडव्यापलीकडे गेलेलें नाहीं. धुकें, गार वारा, पश्चिमेकडील सूर्यास्त आणि नायिकेच्या उडणाऱ्या बटा एवढें साहित्य जुळविलें, कीं प्रकरण पुरें झालें अशी कित्येक लेखकांची समजूत दिसते. ती समजूत आजची नसून तिची मुळें बरीच खोल गेलेलीं आहेत.

वऱ्हाडच्या वाचकाला तरी हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. संस्कृत वाङ्मयांतील दोन विख्यात राजकन्या याच भूमीच्या. कुंडिनपुरची रुक्मिणी, आणि त्याच नगरीची दमयंती. वर्धा नदीच्या कांठचें, अमरावती जिल्ह्यांतील कौंडिण्यपूर म्हणजेच तें कुंडिनपूर, अशी परंपरा आहे. या दोघींच्याही कथा उघड्या आकाशाखालीं घडलेल्या आहेत. रुक्मिणी देवीच्या दर्शनाचें निमित्त करून नगराबाहेर पडते आणि तेथून थेट श्रीकृष्णाच्या रथांत बसते. बाहेर पडणें हाच तिच्या कथेचा गाभा आहे. दमयंतीचा तर बहुतेक सारा संसार अरण्यांतच कसास लागतो. मग आमच्या कवींनीं या कथांचें काय केलें? तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव कवि नरेंद्र यांनीं 'रुक्मिणीस्वयंवर' रचलें, एकनाथांनीं इ. स. १५७१ मध्यें काशीस आपलें 'रुक्मिणीस्वयंवर' पुरें केलें आणि त्यांत जीवशिवाचें ऐक्य पाहिलें. रघुनाथपंडितानें नलदमयंतीचें आख्यान लिहिलें तें स्वयंवराचें. पुढें रंगभूमीवर अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'सौभद्र' इ. स. १८८२ त आलें. त्यांतही हरण आहे, यतीचा वेष आहे, रुसणें आहे, आणि शेवटीं लग्न आहे. ह्या सर्व कृतींची थोरवी आम्हांस मान्य आहे. तथापि त्यांना एका ओळींत उभें केलें म्हणजे एक गोष्ट नजरेंत भरते. आमचें काव्य लग्नापाशीं येऊन थांबतें. अक्षता पडल्या कीं कवीची लेखणी खालीं ठेविली जाते, आणि खरा प्रवास जेथून सुरू व्हावयाचा तेथें ग्रंथ समाप्त होतो. मोरोपंतांसारख्यानें संपूर्ण भारत मराठींत आणलें तेव्हां वनपर्वही ओघानें आलें, हें खरें. परंतु लोकांच्या ओठीं राहिला तो रघुनाथपंडिताचा हंस, दमयंतीचें अरण्य नव्हे.

महाभारतांतील नलोपाख्यान या दृष्टीनें पुन्हां एकदां वाचण्यासारखें आहे. द्यूतांत सर्वस्व गमावलेला नल दमयंतीसह रानांत हिंडत असतां एका ठिकाणीं थांबून तिला वाटा दाखवूं लागतो. ही वाट दक्षिणेकडे जाते, ही विदर्भाला, ही कोसलाला. वरकरणीं ही भूगोलाची माहिती आहे. पण दमयंती चतुर आहे; नवऱ्याच्या तोंडीं आपल्या माहेरची वाट पुन्हां पुन्हां कां येते, हें तिला तत्काळ उमगतें आणि ती घाबरून म्हणते कीं, जावयाचें तर आपण दोघेंही विदर्भाला जाऊं. पुढें त्या रात्रीं नल एकच उरलेलें वस्त्र अर्धें कापून घेतो आणि तिला झोपलेली टाकून निघून जातो. एका वस्त्रांत दोघांनीं वावरणें आणि त्याच वस्त्राचे दोन तुकडे होणें, यांहून दंपतीच्या प्रवासाचें अधिक बोलकें चित्र आम्हांस ठाऊक नाहीं. येथें रान शोभेकरितां नाहीं. नलाच्या मनांतील लाज आणि दमयंतीच्या मनांतील भय यांना वाट फोडणारें तें रान आहे. असें रान आमच्या कादंबरीकारांपैकीं कितीजणांनीं दाखविलें?

विदर्भाच्याच भवभूतीनें तें दाखविलें आहे. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकांत लक्ष्मण राम आणि सीता यांना वनवासाचीं चित्रें दाखवितो. राज्याभिषेक झालेला आहे, संकटें सरलीं आहेत, आणि राजवाड्यांत बसून हीं दोघें आपल्या हालअपेष्टांचे दिवस पाहात आहेत. पाहातांना त्यांस जाणवतें कीं, सुख होतें तें त्या दिवसांतच होतें. गोदावरीच्या परिसरांत रात्र रात्र चाललेल्या निरर्थक गोष्टी, थकून एकमेकांस टेकणें, हें सारें आतां भिंतीवरच्या चित्रांत उरलें आहे. गर्भवती सीता म्हणते, पुन्हां एकदां त्या वनांत हिंडावें, भागीरथीच्या पाण्यांत उतरावें. पति तत्काळ रथ सज्ज करावयास सांगतो. आणि मग लोकापवादाची वार्ता येते. सहलीसाठीं सज्ज झालेला रथच तिच्या त्यागाचा रथ होतो. ती हौसेनें चढते, आणि आपणांस कोठें नेत आहेत हें तिला ठाऊक नसतें. पत्नीची फिरावयास जाण्याची साधी इच्छा हाच तिच्या हद्दपारीचा बहाणा ठरावा, यांत जी भीषणता आहे ती शोकाच्या कितीही वर्णनांनीं साधली नसती. पुढें तोच राम एकटा पंचवटींत येतो. तींच झाडें, तोच नदीकांठ, तेच मोर. आणि त्यांपैकीं प्रत्येक वस्तु त्याला जाब विचारते. स्थळ म्हणजे दोघांच्या आठवणींची ठेव आहे, आणि ज्यानें सोबत मोडली त्याला ती ठेव व्याजासह फेडावी लागते, हें भवभूतीचें म्हणणें आजच्या लेखकानेंही ध्यानीं धरावें असें आहे.

राजशेखरानें तर याच वऱ्हाडांत एका प्रवासी दंपतीचें लग्न लावून दिलें आहे. 'काव्यमीमांसें'तील ती कथा रसिकांस परिचित असेलच. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आईवर रागावून घर सोडून निघतो. त्याला बांधून ठेवावें म्हणून गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते आणि तिला त्याच्या मागें पाठविते. दोघें पूर्वेकडे जातात. तेथें तो वळत नाहीं, त्याची वाणी लांबलचक समासांनीं जड असते. पांचालांत तो थोडा विरघळतो. देशोदेशीं हिंडत, वेष आणि बोली बदलत, शेवटीं दक्षिणेकडे आल्यावर त्याचें मन पुरतें वळतें, वाणी सोपी आणि मोकळी होते; आणि विदर्भांतील वत्सगुल्म नगरींत, म्हणजे आजच्या वाशीमांत, त्यांचा गांधर्वविवाह होतो. गौडी, पांचाली आणि वैदर्भी या रीतींची उपपत्ति सांगण्याकरितां रचलेलें हें रूपक आहे, हें उघड आहे. परंतु त्यांतील एक विचार आमच्या विषयाला फार जवळचा आहे. येथें लग्न प्रवासाच्या आधीं नाहीं. तें प्रवासाच्या शेवटीं आहे. दोघें पुष्कळ चाललीं, तेव्हां कोठें भाषा सोपी झाली. संसारांतही याहून निराळें काय घडतें?

आतां अर्वाचीन गद्याकडे वळूं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी इ. स. १८९० पासून 'करमणूक' पत्रांत क्रमशः येऊं लागली. तींत यमू आणि तिचा नवरा यांना सुखाचे जे थोडे दिवस मिळतात ते सासरच्या घरांत नव्हे, तर मुंबईच्या बिऱ्हाडांत. पुण्याहून मुंबईपर्यंतचें अंतर तें काय! पण तेवढ्या अंतरानें यमूला नवऱ्याशीं दिवसाढवळ्या बोलतां येतें, वाचतां येतें, हंसतां येतें. नवरा गेल्यावर तिला परत त्याच घरांत आणलें जातें, आणि पुढें तिचें जें होतें तें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. मोकळेपणा आणि स्थलांतर यांचा संबंध हरिभाऊंनीं इतक्या अचूकपणें दाखविला आहे कीं, त्या काळच्या स्त्रीला घराबाहेरचा प्रत्येक मैल म्हणजे आयुष्याचा मिळालेला एक श्वास होता, असें वाटल्यावांचून राहात नाहीं.

जें हरिभाऊंनीं कल्पनेनें रंगविलें तें रमाबाई रानडे यांनीं अनुभवून सांगितलें. 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें त्यांचें पुस्तक इ. स. १९१० त प्रसिद्ध झालें. पुण्याच्या घरांत शिकण्यापायीं त्यांना घरच्या बायकांचे टोमणे ऐकावे लागत. न्यायमूर्तींची बदली बाहेरगांवीं झाली म्हणजे त्यांच्या शिक्षणाला मोकळी हवा मिळे, आणि फिरतीच्या मुक्कामांत पतीचा जो सहवास लाभे तो पुण्यांत दुर्लभ होता. रमाबाईंनीं निसर्गवर्णनाची हौस फारशी केलेली नाहीं. पतीचा उल्लेख त्या बहुधा 'स्वतः' या एका शब्दानेंच करितात, इतका त्यांच्या लेखणीला संकोच. असें असूनही त्या पुस्तकांतून दोघांच्या सहवासाचें जें चित्र उभें राहातें तें दहा प्रेमकादंबऱ्यांतून उभें राहात नाहीं. दंपतीच्या खासगी गोष्टी चव्हाट्यावर मांडल्यावांचून हा विषय लिहितांच येणार नाहीं, असें ज्यांना वाटतें त्यांनीं हें पुस्तक पाहावें. संकोच आणि सत्य हीं एकत्र नांदूं शकतात, याला याहून दुसरा पुरावा नको.

लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' इ. स. १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. तीं तर एका अखंड प्रवासाचीच बखर आहेत. रेव्हरंड टिळक कधीं कोठें निघून जातील याचा नेम नसे, आणि ते गेले म्हणजे लक्ष्मीबाईंनीं काय करावें याचाही नेम नसे. इ. स. १८९५ मध्यें टिळकांनीं धर्मांतर केलें आणि कांहीं वर्षें दोघें विभक्त राहिलीं. मग तींच दोघें पुन्हां एकत्र आलीं. नलानें दमयंतीला टाकलें ही कथा आपण पुराणांत वाचतों; येथें टाकलेल्या दमयंतीनें स्वतः लेखणी हातीं घेतली आहे, आणि आश्चर्य हें कीं तिच्या लेखणींत कडवटपणा नाहीं, पोट धरून हंसविणारा विनोद आहे. नवऱ्याचा विक्षिप्तपणा तिनें लपविला नाहीं व त्याचें मोठेपणही लपविलें नाहीं. प्रवासांतील सोबत्याला असें साऱ्या बाजूंनीं पाहातां येणें हीच दंपतीच्या वाङ्मयाची पहिली कसोटी आहे, असें आम्ही समजतों.

या कसोटीवर विसाव्या शतकांतील रंजक कादंबरी फारशी उतरत नाहीं. ना. सी. फडके यांच्या लेखणीचें लाघव आणि रचनेची सफाई वादातीत आहे. परंतु त्या लाघवाचें अनुकरण करणाऱ्यांनीं रम्य स्थळ आणि सुशिक्षित प्रेमिक यांची एक ठराविक जोडी करून टाकली. त्यांच्या कथांत थंड हवेचें ठिकाण असतें, पण तेथें कोणाला थंडी वाजत नाहीं. गड चढला जातो, पण कोणाचा पाय मुरगळत नाहीं, कोणाला तहान लागत नाहीं, परतीच्या गाडीला पैसे पुरतील कीं नाहींत याची चिंता कोणाला पडत नाहीं. संकट आलेंच तर तें नायकाचें शौर्य दाखविण्यापुरतें येतें व नायिका त्याच्या बाहूंत मूर्च्छित होतांच निघून जातें. यांत प्रवास नाहीं आणि दंपतीही नाहीं. दोन बाहुल्या आणि मागें रंगविलेला पडदा, एवढाच तो संसार आहे.

प्रवासवर्णन म्हणून जो निराळा प्रकार आमच्याकडे वाढला त्यांत पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'चें स्थान मानाचें आहे. इ. स. १९६० त प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकानें मराठी घरांना विलायत दाखविली, आणि ती नवराबायकोनें मिळून केलेल्या प्रवासाची हकीकत असल्यामुळें तिला घरगुती उबाराही आला. तीस वर्षांनीं, इ. स. १९९० त, सुनीताबाई देशपांडे यांचें 'आहे मनोहर तरी' आलें आणि त्यांत त्याच सहजीवनाचा दुसऱ्या हातानें मांडलेला परखड हिशेब वाचकांसमोर ठेविला गेला. पुष्कळांना त्याचा धक्का बसला. पण टीकाकाराला धक्का बसण्याचें कारण नव्हतें. विनोदी प्रवासवर्णनांत पत्नी ही सोबतीण असते खरी, परंतु ती लेखकाच्या वाक्यांतून बोलते. तिचें वाक्य तिच्या तोंडून ऐकूं येईपर्यंत प्रवासाची निम्मीच हकीकत आपल्या हातीं असते. हीं दोन पुस्तकें आम्ही एकमेकांविरुद्ध उभीं करीत नाहीं. दोन्ही मिळून एक प्रवास पुरा होतो, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि मराठींत असा दोन्ही बाजूंनीं पुरा झालेला प्रवास फार विरळा आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

त्या विरळ्यांपैकीं एक वऱ्हाडचा आहे. मूर्तिजापुरास जन्मलेले कवि अनिल आणि अमरावतीस जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे यांचा विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नांवानें इ. स. १९७२ त प्रसिद्ध झाला. दोघेंही पुढें साहित्यसंमेलनाचीं अध्यक्ष झालीं, अनिल इ. स. १९५८ त मालवणास आणि कुसुमावती इ. स. १९६१ त ग्वाल्हेरीस. आणि त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. पत्रें हा वियोगाचा व्यवहार आहे. तथापि ज्यांना एकत्र हिंडण्याची मुभा नव्हती त्या काळच्या तरुणतरुणींना पत्र हाच रस्ता होता. त्या पत्रांत दोन समान बुद्धीचीं माणसें बरोबरीनें चालत आहेत, कोणी पुढें नाहीं, कोणी मागें नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें. सहप्रवास या शब्दांत 'सह' हें पद आधीं येतें, याची आठवण अशा पुस्तकांनीं राहाते.

आतां राहिलें साहस. दऱ्याडोंगरांचें मराठी वाङ्मय कमी नाहीं. गो. नी. दांडेकर यांनीं गडांचें वेड महाराष्ट्राला लाविलें. मारुती चितमपल्ली यांनीं मेळघाटासारख्या जंगलांत वनाधिकारी म्हणून काढलेल्या वर्षांतून रानाची भाषा मराठींत आणली. परंतु या वाङ्मयांतील डोंगर आणि रान प्रायः एकट्या पुरुषाचें किंवा मित्रमंडळींचें आहे. स्त्री घरीं आहे. ती डबा बांधून देते आणि वाट पाहाते. याला अपवाद दांडेकरांचाच, आणि तो ठळक आहे. चिखलदऱ्याच्या पायथ्याशीं असलेल्या परतवाड्यास इ. स. १९१६ त जन्मलेल्या या लेखकानें 'जैत रे जैत' मध्यें नाग्या आणि चिंधी हें ठाकर जोडपें उभें केलें. जब्बार पटेल यांनीं इ. स. १९७७ त त्यावर चित्रपट केला, त्यामुळें कथा घरोघरीं ठाऊक आहे. लिंगोबाच्या डोंगरावरील मधमाश्यांशीं नाग्यानें मांडलेलें वैर चिंधी आपलें म्हणते, त्याच्याबरोबर कड्यावर जाते, आणि त्या जयाची किंमत आपल्या प्राणांनीं देते. येथें साहस दोघांचें आहे आणि डोंगरही खरा आहे. मधुचंद्रांतला मध येथें पोळें झाडून, डंख सोसून मिळवावा लागतो. आम्हां सुशिक्षितांना मात्र एक प्रश्न यावरून पडतो. दंपतीचें खरें साहस दाखवावयाचें झालें तर आमच्या लेखकाला ठाकरवाडीवर कां जावें लागतें? पांढरपेशा जोडप्याच्या वाट्याला तो नुसता देखावा कां ठेवितो?

कोणी म्हणेल, पांढरपेशांच्या आयुष्यांत साहस असतेंच कोठें? हें खरें नव्हे. आणि दंपतीचा प्रवास म्हणजे सुखवस्तूंचा विहार एवढाच अर्थ घेण्याचेंही कारण नाहीं. उसाच्या फडावर जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' मोजतात. मेळघाटांतील कोरकू जोडपीं कामाच्या शोधांत दरसाल घर सोडून खालीं मैदानांत उतरतात. हाही दोघांचा प्रवासच आहे आणि त्यांतही रात्रीं उघड्यावर, तीन दगडांच्या चुलीपाशीं, सुखदुःखाचें बोलणें होत असेल. पण आपण मध्यमवर्गाचीच गोष्ट करूं. नांदगांव खंडेश्वरसारख्या गांवांतली मुलगी लग्न होऊन आठवडा झाला नाहीं तों ज्याला पुरतें ओळखत नाहीं अशा मनुष्याबरोबर घाट चढून जाते. तिच्या दृष्टीनें याहून मोठें साहस कोणतें? तिथें ती भित्री ठरेल कीं धीट, तिचें म्हणणें ऐकलें जाईल कीं हंसण्यावारी नेलें जाईल, थकल्यावर तिच्यासाठीं कोणी थांबेल कीं पुढें चालूं लागेल, यावर तिच्या पुढच्या चाळीस वर्षांची घडण अवलंबून असते. चार दिवसांच्या सहलींत एवढें पणाला लागलेलें असतें. आणि तिच्या हातीं परततांना उरतात तीं शेंपन्नास छायाचित्रें, ज्यांत हें कांहींएक दिसत नाहीं. छायाचित्रानें जें गाळलें तें सांगणें हेंच तर लेखकाचें काम.

स्थळांची वाण नाहीं. सुमारें अकराशें मीटर उंचीवरील चिखलदरा हें स्थळ इ. स. १८२३ मध्यें कॅप्टन रॉबिन्सन याच्या दृष्टीस पडलें असें सांगतात. तेथें कॉफी पिकते. जवळच गाविलगड आहे, जो वेलस्लीनें १५ डिसेंबर १८०३ रोजीं घेतला. पण इंग्रजांच्याही आधींपासून लोकांनीं त्या दरीला जी कथा जोडली आहे ती दंपतीचीच आहे. अज्ञातवासांत कीचकानें द्रौपदीला छळलें, तिनें रात्रीं भीमाला उठवून आपलें गाऱ्हाणें सांगितलें, आणि त्यानें कीचकाला मारून दरींत फेंकलें. म्हणून ती कीचकदरा. खाडिलकरांनीं इ. स. १९०७ च्या 'कीचकवधां'त या कथेंत राजकारण पाहिलें आणि सरकारनें नाटकावर बंदी घातली, तें युक्तच होतें. आज त्याच कथेंत आणखी एक अर्थ दिसतो. पांच नवरे असतां जो आपलें ऐकून घेईल तो कोणता, हें त्या स्त्रीला परक्या नगरांत, घरदार सुटल्यावर कळलें. चिखलदऱ्यास जाणाऱ्या जोडप्यांना ही गोष्ट कोणी सांगितली तर बरें होईल.

आणि इतकें दूर तरी कशाला? नांदगांवांतच उंचवट्यावर खंडेश्वराचें काळ्या दगडाचें हेमाडपंती देऊळ आहे. तेथें शके ११७७ चा यादवकालीन शिलालेख आहे. संध्याकाळीं घरचें काम आटोपून एखादें मध्यमवयाचें जोडपें तेथवर पायीं जाऊन येतें, त्यालाही दोघांचा प्रवास म्हणण्यास आमची हरकत नाहीं. या तालुक्यांतून आज समृद्धि महामार्ग गेला आहे. वेग वाढला आहे. परंतु अंतर मैलांचें नसून घराच्या उंबरठ्यापासून मोजावयाचें असतें, हें हरिभाऊंच्या यमूनें आपणांस शिकविलेंच आहे.

तेव्हां आमच्या लेखकांकडून, आणि विशेषतः लेखिकांकडून, आम्ही तीन गोष्टी मागतों. पहिली, दोघांचा प्रवास असेल तर दोघांचेंही म्हणणें ऐकूं येऊं द्या. दुसरी, स्थळ हा पडदा नव्हे; तेथें राहाणारीं माणसें आहेत, त्यांची भाषा आहे, पोटापाण्याची विवंचना आहे; तीं दिसूं द्या. तिसरी, भांडणाला भिऊं नका. वऱ्हाडच्या लेकीची, रुक्मिणीची, कथा पुराणिकांनीं हरणापाशीं संपविली असेल. लोकांनीं मात्र ती पुढें चालविली. ती द्वारकेहून रुसून निघाली आणि दिंडीरवनांत येऊन बसली, तिला शोधीत देव आला आणि तेथेंच राहिला. पंढरपुरांत तिचें देऊळ आजही वेगळें आहे, आणि कौंडिण्यपुराहून तिची पालखी आषाढीला तेथें जाते. स्वयंवरानंतर काय झालें हें सांगण्याचें धैर्य ओवी गाणाऱ्या अशिक्षित बायांना होतें. आमच्या सुशिक्षित लेखणीला तें केव्हां येईल, याची आम्ही वाट पाहात आहों.